एका चौकात मावणारी निवडणूक

ऑफिस कुठलंही असो, किस्से साठतातच. आमच्या इंग्लंडातल्या मेडनहेडच्या ऑफिसात तर एका निवडणुकीत पोतंभर साठले! युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या संसदेचे निकाल दाखवणारी वेबसाइट आमच्याकडे होती. देशाचं नाव सांगत नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, उगाच कुणाच्या घरात भांडणं नकोत!

*

सागर आमचा टेस्टर, पक्का नागपुरी. एकदम दहा लाख लोक साइटवर आले तर काय होईल, याची पठ्ठ्याने टेस्ट केली आणि ऐटीत रिपोर्ट पाठवला.

तिथल्या निवडणूक अधिकारी मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "छान! पण एवढे लोक आणायचे कुठून? गाई धरल्या तरी भरत नाहीत!"

*

मॅडम सकाळी पोस्ट सांभाळतात, दुपारी निवडणूक. सागरने एकदा सकाळीच अर्जंट फोन लावला.

"दुपारी कर. आत्ता मी पोस्टात आहे."

"मग उमेदवारांकडे कोण बघतंय?"

"मीच. पार्सलच्या रांगेत उभे आहेत!"

*

साइट सुरू करायच्या दिवशी केतकरकाकांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, समोर नारळ ठेवला. काका आमचे सगळ्यात सीनियर, त्यांना कोण बोलणार?

मॅडमनी कॉलवर विचारलं, "हे काय?"

काका म्हणाले, "बॅकअप!"

*

आता खरी गंमत. मॅडमचा नवराच उमेदवार! आणि त्याचं आश्वासन काय, तर वेबसाइट बंद, निकाल पूर्वीसारखा चौकात वाचायचा. म्हणजे तो आला की आमचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, आणि त्याबरोबर सागरची नोकरी न् व्हिसा. बिचाऱ्याची बायको नुकतीच नागपूरहून आलेली. वाईट वाटायचं हो त्याच्याकडे बघून.

"काहून माझ्या पोटावर पाय देऊन राहिला बे हा?" सागर दिवसभर हेच म्हणायचा.

शेवटी काकांनी मॅडमना सरळ सांगितलं, "आमच्या पोराचा नि त्याच्या बायकोचा व्हिसा तुमच्या यजमानांच्या हातात आहे. तुमचं मत कुणाला?"

मॅडम हसल्या. "मत गुप्त असतं. आमच्या देशात तेवढं एकच गुप्त राहतं!"

*

निकाल लागला. नवरा एका मताने पडला!

संध्याकाळी मॅडमनी घरून कॉल लावला. मागे स्वयंपाकघरात नवरा भांडी आपटत होता. सागरला हसावं की रडावं कळेना.

"मॅडम, सॉरी हं," तो चाचरत म्हणाला, "साहेब एका मतानं..."

मॅडमनी मागे वळून पाहिलं. मग आवाज अगदी बारीक केला.

"बायकोला नमस्कार सांग. आणि व्हिसा वाढवायचा अर्ज भरून टाक."