सगुणाच्या हातचं पाणी

नसरापूरला सर्व्हिस मोटारीत बसवताना आईने माझ्या हातात पितळी तांब्या दिला आणि म्हणाली, "पुन्यात कुनाच्या बी हातचं पानी पिऊ नगंस." नवरा प्लेगने गेला होता. आमच्या पाली गावात माझ्या वाट्याला भावाचं शेत आणि भावजयीची बोलणी एवढंच उरलं होतं, म्हणून मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला निघाले. रडले नाही. मोटार लागून दोनदा ओकले मात्र.

पुढे बाप्तिस्मा घेतला. गावाकडच्यांना वाटतं, धर्म बदलला की माणूस बदलतो. तसं होत नाही. दवाखान्यात गोऱ्या सिस्टरांना चिनी मातीचे कप आणि आम्हा काळ्या नर्सांना पत्र्याचे मग. चहा एकाच किटलीतला.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे उपवासकाळात, दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर प्रत्येकीने उभं राहून आपली चूक कबूल करायची, अशी मेट्रनबाईंची पद्धत. कुणी आळस सांगे, कुणी खोटं बोलणं. एका शुक्रवारी मी उठले. "मला माझी नाही, आपल्या टेबलाची चूक सांगायची आहे. प्रभूने सगळ्यांना एक प्याला दिला. आपण कप वेगळे आणि मग वेगळे केले." मेट्रनबाई लाल झाल्या. नोकरी गेली असं धरूनच मी खाली बसले.

बाहेर सगुणा वाट अडवून उभी. ती वेल्ह्याच्या महारवाड्यातली, वॉर्डात आया, माझ्या आधीपासून ख्रिस्ती. "लई ब्येस बोलला, बाई. आता फुडच्या शुक्रवारी तुमच्या तांब्याचं बी सांगा की."

तीन वर्षं एका खोलीत राहून मी तिला तांब्याला हात लावू दिला नव्हता. आईचं सांगणं मी बाप्तिस्म्याच्या पाण्यातूनही कोरडं बाहेर काढलं होतं.

गोऱ्यांविषयी बोलायला मी चटकन उठले होते, पुढच्या शुक्रवारी मात्र सगळ्यांच्या शेवटी उठले. तरी सांगून टाकलं. सगुणा तिथल्या तिथे म्हणाली, "मग आनू का पानी?" तिने तांब्या भरून आणला, मी सगळ्यांदेखत प्याले. मेट्रनबाईंनी माफी मागितली नाही. पण ईस्टरच्या सकाळी पत्र्याचे मग कपाटात गेले होते आणि त्या स्वतः आम्हा सगळ्यांच्या कपांत चहा ओतत होत्या.

मे महिन्यात सगुणाला घेऊन पालीला गेले. अंगणात आईने मला पाण्याचा तांब्या दिला. बाप्तिस्मा झाला तरी लेक ती लेक. सगुणाच्या ओंजळीत मात्र दुसऱ्या तांब्यातून वरून धार धरली. मी तांब्या खाली ठेवला, सगुणाशेजारी बसले आणि ओंजळ पुढे केली.

"तू कशापायी?"

"आम्ही एकाच तांब्यातलं पितो, आई."

आईने हातातला तांब्या आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला. "घ्या तुमचं तुमी. वाकून वाकून पाठ मोडली माजी."

पाली घर की पुणं, असं तुम्ही वाचक मंडळी पत्रातून विचारता. तो तांब्या जिथे टेकला, ते अंगण माझं घर. आईची पाठ खरंच दुखत होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही.