दुपारच्या झोपेची मेंबरशिप

वाचनालयातली पुस्तकं लोक घरी नेतात, किस्से मात्र इथंच टाकून जातात! इथं तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यातल्या आमच्या मराठी वाचनालयात दोन ते चार मी बसते. खिडकीतून पिवळं ऊन, वर घरघरणारा पंखा आणि पेपर हातात धरून गाढ झोपलेली पाच-सहा रिटायर्ड मंडळी. मलाही पेंग येते, खोटं कशाला बोलू!

*

घोरणारे खिडकीशी, न घोरणारे कपाटांकडे. कुणी ठरवून दिलेलं नाही, जो तो आपल्यासारख्यांत जाऊन बसतो. एकदा एक पाहुणे चक्क जागे राहिले आणि मोठमोठ्यानं राजकारण बोलायला लागले. पाटीलकाकांनी एक डोळा उघडला. "अहो, हळू! इथं वाचन चाललंय!"

*

एकदा लाइट गेली. पंखा थांबला तसे सगळे एकदम जागे झाले आणि सगळ्यांनी एकदम पान उलटलं!

*

सगळ्यांत मोठ्यानं घोरतात आमचे सेक्रेटरी मुळेकाका. पण कबूल करतील तर शपथ! हलवून उठवलं तर म्हणतात, "झोपलो नव्हतो, चिंतन करत होतो."

*

उन्हाळ्यात वेंकटय्या गारू यायला लागले. गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव'. मागच्या गल्लीतले, एकटेच राहतात. हॉलभर खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बरोब्बर मुळेकाकांच्या मागचीच खुर्ची धरायचे. मराठी पेपर उघडला की पाच मिनिटांत मान खाली. झोपतोय म्हणजे आपलाच माणूस, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

मग मेंबरशिपचे फॉर्म आले. गारूंनी फॉर्म नुसताच हातात धरला. मुळेकाका तडकले. "मराठी वाचता येत नाही? मग रोज इथं करता काय? नियम आहे, मेंबर मराठीच हवा! उद्यापासून येऊ नका."

गारू उठून उभे राहिले. "मेरेकू घर में नींद नै आती साब. बीवी गुजर गई, तब से घर एकदम चुप है." मग अगदी हळू म्हणाले, "वो बिल्कुल आपके जैसे खर्राटे मारती थी."

मुळेकाकांनी फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःच्या हातानं भरला.

दुसऱ्या दिवशी मुळेकाका नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच आले. गारूंच्या खुर्चीला आपली खुर्ची लावली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "ताई, मी झोपतोय. कुणी उठवायचं नाही!"