तांदळात लिहिलेलं नाव

गेल्या हिवाळ्यात मी लोकांना एकच प्रश्न विचारत फिरलो. आपल्या मते देशासमोरची सर्वात गंभीर समस्या कोणती? प्रश्न हिंदीत होता, मोबाइलमध्ये होता, आणि त्याच्याखाली उत्तरंही आधीच तयार होती. महागाई, बेरोजगारी, भ्रष्टाचार, लोकसंख्या, अशी. सगळ्यात शेवटी ‘अन्य’. बोट लावलं की पुढचा प्रश्न. काम भोपाळच्या कुठल्याशा कंपनीचं होतं आणि ते मला कॉलेजातल्या सरांमुळे मिळालं होतं.

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई लोकांच्या शेतात वेचणीला जायची. ज्यांनी ज्यांनी मला शिकवलं त्या प्रत्येकाचा मी आभारी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं मी रागाने लिहिणार आहे, आणि त्या रागात माझ्या शिक्षणाचाही वाटा आहे.

तिगावच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या एका माणसाने ‘भ्रष्टाचार’ सांगितलं आणि मी बोट लावायच्या आत माझा हात धरला. माझं नाव लिहू नका म्हणाला, माझी फाइल अजून तहसिलीत पडून आहे. लोधीखेड्याला एका निवृत्त मास्तरांनी लोकसंख्येवर बराच वेळ समजावलं. त्यांना स्वतःला किती मुलं आहेत ते त्यांच्या बायकोने आतून ओरडून सांगितलं. मोहगावला चहाच्या टपरीवर चौघे जण या प्रश्नावरून आपसात भांडले आणि शेवटी मला म्हणाले, तुमच्या मोबाइलात जे पहिलं असेल ते लावून टाका.

सौंसरच्या अलीकडे एका बाईने रानडुक्कर सांगितलं. रात्रीतून मक्याचं सारं वावर लोळवून जाते, म्हणाली. मी तिला समजावलं की ही अडचण तिच्या गावाची झाली, मला देशाची पाहिजे. ती जराही रागावली नाही.

“असं का? मंग देशाचं तुम्हीच लिवा जी,” ती म्हणाली. “तुम्ही शिकलेले आहा.”

मी ‘महागाई’ला बोट लावलं आणि पुढे गेलो. तेव्हा मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. लोकांचं लिहून देण्याची मला सवय होती. सातवीत असल्यापासून घरातला प्रत्येक फॉर्म माझ्याकडे येत असे. रेशनकार्ड, मतदार यादी, वडिलांची पेन्शन, शेजाऱ्यांच्या पोरींचे दाखले. माझं अक्षर चांगलं, हिंदीही बरी. आई लोकांना सांगायची, आमच्या घरचं सारं कागदाचं काम हाच करते. मला त्याचा अभिमान होता.

त्याच दिवसांत आमच्या गावच्या अंगणवाडीत कार्यकर्तीची, म्हणजे सेविकेची, जागा निघाली.

माझ्या वहिनीचं माहेर महाराष्ट्रातलं, नरखेडकडचं. मध्य प्रदेशातल्या आमच्या भागात निम्म्या सुना तिकडूनच येतात. रेषा नकाशावर आहे, सोयरिकीत नाही. वहिनी बारावी झालेली, तीही चांगल्या गुणांनी. लग्न झाल्यावर तिने ती गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवली होती आणि पोळ्याच्या आधी घर आवरताना दर वर्षी एकदा बाहेर काढून पुसून पुन्हा ठेवायची. जागा निघाली तेव्हा तिने माझ्याकडे पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. म्हणाली, भाऊजी, माझा फॉर्म भरा.

मी भरला. तात्पुरती यादी लागली. वहिनी पहिली होती. दादाने पेढे आणले. आईने वहिनीची दृष्ट काढली आणि मग स्वतःच सगळ्या गल्लीत सांगत फिरली, म्हणजे दृष्ट काढण्याचा काही उपयोग राहिला नाही.

चार दिवसांनी कळलं की तिच्यावर हरकत आली आहे. गुणपत्रिका एका बाईची आहे आणि आधार दुसऱ्या बाईचं.

आता इथे मला सात वर्षं मागे जावं लागेल. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात. आडनाव तर बदलतेच, पण पहिलं नावही. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. लोक वाकून वाचतात, टाळ्या वाजवतात, तांदूळ पुन्हा पातेल्यात जातात. दादाला नाव सुचत नव्हतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, घरातला शिकलेला. आई म्हणाली, तूच सांग एखादं चांगलं. मी सांगितलं. दादाच्या नावाशी जुळणारं, ऐकायला गोड. ते नाव मी निवडलं. वहिनीला तोपर्यंत मी नीट पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यावर भागलं असतं. बऱ्याच घरांत ते नाव तांदळातच राहते. घरात एक आणि कागदावर एक, असं बायकांचं आयुष्य निघून जाते. पण आमच्या घरी मी होतो. लग्नाला महिनाही झाला नसेल, तोच मी सरपंचाचा दाखला घेतला आणि वहिनीला सोबत घेऊन आधारवर नवं नाव चढवून आणलं. मग रेशनकार्डावर, मग मतदार यादीत, मग बँकेत. सगळीकडे एकसारखं. घरी येऊन मी सगळे कागद आईसमोर मांडले होते. कॉलेजात आम्हाला सांगत, कागदपत्रं चोख ठेवा. मी चोख ठेवली. बारावीची गुणपत्रिका तेवढी तशीच राहिली, कारण मला वाटलं, तिचं आता काय काम पडणार आहे?

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे.

हरकतीच्या सुनावणीला मी आणि वहिनी पांढुर्ण्याला गेलो. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यापासून एवढं बरं की छिंदवाड्याला जावं लागत नाही. टेबलापलीकडचे अधिकारी चांगले गृहस्थ होते. वरच्या बाजूच्या, दूरच्या कुठल्या जिल्ह्यातून बदलून आलेले. त्यांनी वहिनीला बसायला खुर्ची दिली. मी असं लिहितो कारण मला त्यांचा राग करायचा होता आणि तो करता आला नाही.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “बहनजी, उपनाम बदला होता तो मैं मान लेता. यहाँ तो नाम ही दूसरा है.”

मी त्यांना तांदळाचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सरपंचाचा दाखला पाहिला, आजूबाजूच्या घरांच्या सह्या पाहिल्या. म्हणाले, याने होणार नाही, राजपत्र लागेल. राजपत्राला किती दिवस लागतात, मी विचारलं. त्यांनी सांगितलं, महिने लागतात, आणि हरकतीची मुदत संपायला तीन दिवस आहेत.

ज्या सरपंचाच्या दाखल्यावर एका दिवसात तिचं नाव बदललं, त्याच सरपंचाच्या दाखल्यावर ते तिचं आहे हे सिद्ध होत नव्हतं. मी तिथे आवाज चढवला. गावातलं लहान पोरगंही सांगेल ही बाई कोण आहे, असं काहीतरी मी मराठीत बोललो, मग तेच हिंदीत. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “पर आप लोग बदलते क्यों हैं?”

मी तोंड उघडलं. पंधरा वर्षं शिकलो, हजार फॉर्म भरले, आणि मला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. वहिनी माझ्याकडे पाहत होती. तिलाही ते ऐकायचं होतं.

ज्यांनी हरकत घेतली ते यादीत दुसऱ्या नंबरवर असलेल्या बाईच्या घरचे होते, आमच्याच गल्लीतले. ते लग्नाला होते. त्यांनी ताटात वाकून ते नाव वाचलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या, मागून बुंदी वाढून घेतली होती. वहिनी तीच आहे हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. आणि लेखी देताना त्यांनी लिहिलं, ‘ही बाई कोण आहे हे स्पष्ट होत नाही.’ देशासमोरची समस्या विचारत मी गावोगाव फिरलो. माझ्या मोबाइलातल्या यादीत याच्यासाठी शब्द नव्हता.

परत येताना बसमध्ये मी तिला सांगत राहिलो की वरच्या कार्यालयात अर्ज करू, कलेक्टर साहेबांकडे जाऊ, मी सगळं लिहितो. ती खिडकीकडे पाहत होती. आमचा फाटा यायच्या जरा आधी ती बोलली.

“भाऊजी, एक सांगा. माझं नाव बदललं तवा मले कोणं इचारलं होतं?”

मी म्हणालो, आपल्यात पद्धतच आहे, सगळ्यांचंच बदलते.

“सगळ्यांचं नाई बदलत. तुमचं नाई बदललं. तुमच्या दादाचं नाई बदललं.” ती हळूच बोलत होती, समोरच्या सीटवर ओळखीच्या बाया होत्या. “तुम्ही आधारवर नाव चढवाले नेलं, तवा मले वाटलं होतं का नको म्हणावं. पण तुम्ही शिकलेले. म्हटलं, यायले समजत असन.”

मला त्या क्षणी तिचाच राग आला, हे मी लपवत नाही. एवढी वर्षं मी यांच्यासाठी रांगेत उभा राहिलो आणि आता हे ऐकायचं, असं वाटलं. तो राग ओसरायला दोन दिवस लागले, आणि ओसरला तेव्हा त्याच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

तीन दिवसांनी जागा त्या दुसऱ्या नंबरच्या बाईला गेली.

मी पुन्हा मोबाइल घेऊन निघालो. आता मी लोकांना आवरत नव्हतो. कोणी रानडुक्कर म्हणालं तर ‘अन्य’ लावून खाली रानडुक्कर लिहायचो. दवाखान्यात डॉक्टर हाय, पण तो दुपारीच सापडते, असं एका म्हाताऱ्याने सांगितलं, मी तसंच लिहिलं. आठवडाभराने वरून फोन आला. ‘अन्य’ फार येत आहे, लोकांना मुद्द्यावर आणा, असं मला सांगण्यात आलं. मी म्हणालो, ते मुद्द्यावरच आहेत. पुढच्या सोमवारी माझ्या मोबाइलवर ते प्रश्नांचं पान उघडेना, आणि काम दुसऱ्या कोणाला तरी गेलं.

घरी वहिनीने सांगितलं की तिला तिचं पहिलं नाव कागदावर परत पाहिजे. पुढच्या वेळी जागा निघाली तर पुन्हा हेच नको. दादाने फक्त खर्चाचं विचारलं. आईला मात्र ते लागलं. तिचं म्हणणं होतं की नाव दिलं म्हणजे सून या घरची झाली. ते परत करणं म्हणजे घर परत करणं. “लोकं म्हणतीन, पोरीनं नाव टाकलं, आता काय टाकन?” वहिनीने शांतपणे भाकरी उलटवली आणि म्हणाली, लोकांना जे म्हणायचं ते त्यांनी हरकतीत लिहून दिलं आहे.

शपथपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, राजपत्राचा अर्ज. मी पेन काढलं. तिने माझ्यापुढून कागद ओढून घेतला.

“राहू द्या. मी भरते.”

तिचं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सात वर्षं एका घरात राहून. माझ्यापेक्षा चांगलं आहे. एका रकान्यात कारण विचारलं होतं, नाव बदलण्याचं कारण. तिथे ती थांबली. मला वाटलं, काय लिहू ते मला विचारेल. तिने विचारलं नाही. तिने लिहिलं, ‘हे माझंच नाव आहे.’ वकिलाने नंतर ते खोडून काहीतरी कायद्याचं लिहिलं.

कागद आता आले आहेत. आधारवर तिचं नाव परत चढलं. यानंतर ते सहजी बदलता येणार नाही, असं तिथल्या माणसाने बजावलं. अंगणवाडीची जागा मात्र गेली ती गेलीच. आमची पुतणी रोज सकाळी तिथेच जाते आणि वहिनी तिला दारापर्यंत सोडून येते.

आईने पहिले काही दिवस जुन्याच, म्हणजे तांदळातल्या, नावाने हाक मारून पाहिली. वहिनीने ओ दिली नाही. वळून पाहायची, काम करायची, पण ओ द्यायची नाही. माहेरचं नाव काही आईच्या तोंडात बसत नाही. हल्ली ती नुसतं “अव” म्हणते. दादा पोरीची आई म्हणतो. त्या दोघांना रोज दहा वेळा अडखळावं लागते.

मी पहिल्या दिवसापासून तिला वहिनीच म्हणत आलो आहे. मला काहीच बदलावं लागलं नाही.