गोळ्या संपल्या, जळजळ राहिली

पाच दिवसांच्या गोळ्या मी एकही न चुकवता घेतल्या. लघवीत जंतू झाले होते, ताप होता, कंबर धरली होती. कुंडलच्या डॉक्टरांनी लघवी तपासून गोळ्या लिहून दिल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी मी गिरणी उघडली. जळजळ तेवढी गेली नव्हती. थोडी राहणारच, दोन दिवसांत जाईल, असं मी धरून चालले. दोन दिवसांचे पंधरा झाले.

आमची पिठाची गिरणी आहे, घराला लागूनच. नवरा सैन्यातून निवृत्त होऊन आला तेव्हापासून ऊस आणि जनावरं त्याच्याकडे, गिरणी माझ्याकडे. दळण चालू असताना जागा सोडायची नाही हा माझा नियम. वरचे दाणे संपले आणि दगडावर दगड घासला की त्यांना पुन्हा टाकी लावून खाचा पाडण्याचं काम वाढतं. त्यामुळे लघवी लागली तरी डबा संपेपर्यंत थांबायची सवय अंगात मुरलेली. आता सगळं उलटं झालं. दर पंधरा मिनिटांनी पळायचं, चार थेंब व्हायचे, शेवटी आग. परत येऊन पिठाला हात लावते न लावते तोवर पुन्हा तेच.

दळणाला आलेल्या बायकांच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. शेजारच्या आजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, ह्या वयात दिवस गेलं का काय?"

"व्हय की," मी म्हटलं. "बारशाचं दळण तुमीच घिऊन या."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग आजींनीच विचारलं, उन्हाळी लागली का. मी हो म्हटलं. आमच्याकडे बाईने उन्हाळी लागली म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. धन्याचं पाणी पी, सब्जा भिजव, ताक पी, एवढं सांगून विषय संपतो. नवऱ्यालाही मी तेवढंच सांगितलं होतं.

माझी थोरली बहीण वडूजला दिलेली होती. तीही वर्षभर उन्हाळीच म्हणत होती. आईने तिला धन्याचं पाणी सांगितलं, मीही फोनवर तेच सांगितलं. लघवी लाल व्हायला लागली तेव्हा ती दवाखान्यात गेली, आणि मूत्राशयाची गाठ आहे हे कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. तिची सुरुवात कशी झाली हे मी तिला शेवटच्या महिन्यात विचारलं होतं. ती म्हणाली, "कायबी न्हाई गं. नुसतं जळजळायचं."

हे वाक्य त्या पंधरा दिवसांत माझ्या डोक्यातून हललं नाही. ज्वारी दळताना, भाकरी थापताना, जनावरांना पाणी दाखवताना मी मनात जुळवून बघत होते. तिला ताप आला होता का? आठवत नव्हतं. तिची कंबर दुखायची, माझीही दुखत होती. मी पन्नाशीला आले, ती बावन्नची होती. कुंडलच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाणं हा सरळ मार्ग होता. मी गेले नाही. त्यांनी गाठ म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं.

त्याऐवजी मी डब्यातल्या गोळीकडे वळले. हा डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, गिरणीतल्या फळीवर असतो. माजी सैनिकांच्या दवाखान्यातून नवऱ्याला महिन्याची औषधं मिळतात, त्यातली उरलेली त्यात पडतात. बायकांनाही हे माहीत झालं. डोकं दुखतंय, पित्त झालंय, म्हणून मागतात आणि मी कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या देते. स्वतःच्या घरच्या उरलेल्या गोळ्या त्याही आणून टाकतात. टाकून द्यायला जीव होत नाही. मी प्रत्येकीच्या गोळ्या कागदात गुंडाळून वर लिहून ठेवते: ताप, जुलाब, गुडघे. कापलेल्या पट्टीवर औषधाचं नाव राहत नाही, पण माझं लिहिलेलं असतं, म्हणून मला कधी काळजी वाटली नाही. एका पुडीवर मीच 'जळजळ' असं लिहिलेलं होतं. कुणी दिली होती ते आठवत नव्हतं. त्यातल्या तीन गोळ्या मी संध्याकाळपासून झोपेपर्यंत घेतल्या. आग खरंच कमी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी लाल झाली. पांढऱ्या भांड्यात ती गंजलेल्या पाण्यासारखी दिसत होती.

मी पाणी ओतलं नाही. दाराची कडी लावून तशीच उभी राहिले. बाहेर गिरणी चालू ठेवून आले होते, कुणाचे तरी गहू वर होते. दगड घासायला लागल्याचा आवाज आला तेव्हा मी बाहेर येऊन बटण बंद केलं आणि पायरीवर बसले. नवरा गोठ्याकडून धावत आला. गिरणी कोरडी फिरली म्हणजे मला काहीतरी झालं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

"मला लाल व्हाय लागलंय," मी म्हटलं.

"कवापासनं?"

"लाल आज. जळजळतंय तीन आठवडं."

तो आत गेला, कपडे बदलले, पिशवी घेऊन आला. मोटारसायकलवर मला बसवणार नव्हतं, म्हणून एसटीने सांगलीला गेलो. वाटेत लागू नये म्हणून मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. खिडकीबाहेर बघत बसले होते आणि बहिणीला सांगलीला आणलं तेव्हा ती कोणत्या बाजूला बसली होती ते आठवत होते.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, बहिणीचंही. दुसरं काही औषध चालू आहे का, असं विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. मला ते औषध वाटतच नव्हतं.

नवऱ्याने पिशवीतून पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. "फौजेत आजारी पडलं की सिक रिपोर्टला, डॉक्टरला दाखवायला जाताना आमी सगळं बरोबर न्यायचो," तो डॉक्टरांना म्हणाला. "हिचं हे सगळं बरोबर आणलंय."

डॉक्टरांनी एकेक पुडी उघडली. माझी अक्षरं वाचताना त्या हसल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. 'जळजळ'ची पुडी उघडून त्यांनी तपकिरी-लाल गोळी बोटात धरली. ही घेतली का? घेतली. किती? तीन.

"ताई, हा रंग बहुतेक हिचाच आहे," त्या म्हणाल्या. "ही घेतली की लघवी लाल-केशरी होते. मूळ जिला दिली तिला सांगितलं असणार. तुम्हाला कोण सांगणार?"

नवऱ्याने मोठा श्वास सोडला. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मी विचारलं, मग जळजळ कशाची?

"ते अजून मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

त्या गोळीच्या रंगाने तपासणी बिघडते, म्हणून दोन दिवस थांबून लघवी द्यायची होती. सोनोग्राफी करायची होती. माझं वय आणि बहिणीचा आजार बघता दुर्बिणीने आत बघून घेऊ, असंही त्या म्हणाल्या. रंगाचा उलगडा झाला होता, तरी त्या दोन दिवसांइतकी मी कधीच घाबरले नव्हते. लघवी पुन्हा पिवळी झाली आणि आग पुन्हा वाढली. घरी मी पातेली घासली, धान्याचे डबे उन्हात ठेवले, सुनेला फोन करून लोणच्याचं प्रमाण सांगितलं, तिने विचारलेलं नसताना. नवरा म्हणाला, बस की जरा. मी म्हटलं, बसले की डोकं चालतं.

लघवीत जंतू नव्हते, रक्त नव्हतं. सोनोग्राफीत काही दिसलं नाही. दुर्बिणीच्या दिवशी मी टेबलावर पडून छताकडे बघायचं ठरवलं होतं, पण डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. आत फिकट गुलाबी दिसत होतं, बारीक शिरा होत्या. एके ठिकाणी लालसर होतं. मी तिकडे बोट केलं.

"गाठ नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जंतूंनी अस्तर सोलवटलंय, ते भरतंय अजून."

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. जंतू मेले तरी आतली कातडी भरून यायला काही आठवडे लागतात. त्यात मी दिवसाला सहा कप चहा पीत होते आणि स्वच्छता म्हणून जंतुनाशकाच्या पाण्याने धूत होते, त्याने बाहेरची कातडीही पोळली होती. शिवाय भीतीने दर पंधरा मिनिटांनी जाऊन मी मूत्राशयाला थोड्यावरच ओरडायची सवय लावली होती. चहा कमी, साधं पाणी, दुसऱ्याची गोळी नाही, आणि जाण्याची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी लांबवायची. पुन्हा ताप आला, कंबर धरली किंवा गोळीशिवाय लाल दिसलं, तर त्याच दिवशी यायचं.

"बहिणीचंबी आसंच सुरू झालं हुतं," मी तरीही म्हटलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण तुमचं मी आत जाऊन बघितलंय. त्यांचं त्या वेळी कुणी बघितलं नव्हतं."

याला आता दोन महिने होतील. जळजळ बरीच कमी आहे, पण सकाळी असते. ती जाणवली की आधी बहीण आठवते, मग मी स्वतःला तो गुलाबी पडदा आठवून देते. कधी उपयोग होतो, कधी नाही. गिरणीत घड्याळ समोर टांगलंय. लागल्यासारखं झालं की वेळ बघते आणि हातातला डबा दळून काढते. सुरुवातीला अर्ध्या तासालाच घाम फुटायचा. परवा दीड तास झाला. गेले तेव्हा आग नव्हती. तरी पाणी ओतायच्या आधी मी वाकून नीट बघितलं.