तिच्याच पाळीत उठणारा उंचवटा

माझी आत्या एकवीस वर्षं एका कारखान्यात पत्रे तपासत होती. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक. जास्त विचारायची सोय नव्हती, कारण कामाबद्दल कुणाला काही सांगणार नाही, अशी तिने सही करून दिली होती. काका, म्हणजे तिचे यजमान, बसवर ड्रायव्हर होते. कुणी विचारलंच तर ते सांगायचे, "आमची ही डब्यांची झाकणं बघते." आता ती निवृत्त झाली आहे आणि ते पत्रे तपासायचं यंत्रही भंगारात गेलं, म्हणून तिने मला हे सांगितलं.

ते पत्रे म्हणजे विमानांचे अँटेना होते. रडारला न दिसणारी लढाऊ विमानं एकमेकांशी बोलतात ते त्यांच्यातून. तिच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "बाई, बोलणं कुलूपबंद असतं, ते कुणाला कळायचं नाही. पण बोलतंय कोण आणि कुठून, एवढं जरी कळलं तरी विमान शत्रूला सापडलं. म्हणून याच्या तोंडातून निघालेलं थेट त्याच्या कानात. बाजूला थेंबभर सांडायचं नाही."

ते सांडतंय का, हे बघणं आत्याचं काम. काळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेली खोली. तिथे पत्रा चौकटीवर आठ स्क्रूंनी बसवायचा, बाहेर येऊन जाड दार लावायचं आणि पडद्यावरचा आलेख बघायचा. मध्ये उंच टोक, दोन्ही बाजूंना सपाट रेघ; बाजूची रेघ उचलली गेली, की सांडतंय असं समजायचं.

एका मंगळवारी, दोन वर्षं फक्त दुपारच्या पाळीत तपासला जाणारा एक नमुना पहिल्यांदाच तिच्याकडे आला, आणि उजवीकडच्या रेघेवर उंचवटा दिसला. तिने पत्रा नापास केला. दुपारच्या पाळीला पैलवान असायचा. हातांच्या ताकदीमुळे त्याला हे नाव पडलेलं. त्याने तोच पत्रा लावला, तर रेघ सपाट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. आठवड्यात सहा पत्रे तिच्या हातून नापास झाले आणि त्याच्या हातून पास.

"बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," साहेब म्हणाले.

तिने तपासून घेतला. नंबर तोच होता.

मग सुरक्षा विभागाच्या अधिकाऱ्याने बोलावलं. अंगावर धातूचं काय काय असतं? परदेशात कोण आहे? घरी कुणाशी काय बोलता? तिला प्रश्न कळत होते, पण ते आपल्याला का विचारतायत ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कानातलं काढलं, केसांतल्या पिना काढल्या, चपलाही बदलल्या. उंचवटा होता तिथेच होता.

घरी भाजीत दोनदा मीठ पडलं. रात्री जेवताना तिने काकांना विचारलं, "अहो, माझ्या अंगातच काही असेल का हो?"

"आहे की. हट्ट."

तिला हसू येईना.

शेवटी एक दिवस पाळी संपल्यावर ती घरी गेलीच नाही. पैलवान पत्रा कसा बसवतो ते बघत उभी राहिली. ठरलेला जोर लागला की पाना टक् वाजतो आणि तिथे थांबायचं, असं कागदावर लिहिलेलं. पैलवानाचा पाना टक् वाजला. त्याने तो बाजूला ठेवला, साधा पाना घेतला आणि प्रत्येक स्क्रूला आणखी अर्धा पीळ दिला.

"हे काय?"

"सवय हो बाई. टक् वाजलं तरी माझं मन भरत नाही."

"एकदा टक् वाजल्यावर थांब बघू."

तो थांबला. उंचवटा आला. मग आत्याने स्वतः अर्धा पीळ जास्त दिला आणि रेघ सपाट झाली. पत्र्याच्या कडेला फट राहत होती, आणि पैलवान ती नकळत दाबून बुजवत होता.

पैलवानाने हाक मारली तसे साहेब धावत आले. "म्हणजे चुकलं कोण?"

"तेच समजत नाही," आत्या म्हणाली. "कागदाप्रमाणे मी बरोबर. पण गळत नाही ते याच्या हातात. साहेब, याने पास केलेले पत्रे दोन वर्षं बाहेर जातायत. तिकडे विमानावर बसवणारा माणूस टक् वाजल्यावर थांबत असेल, तर?"

साहेबांनी तिथूनच वर फोन लावला.

तीन दिवस खोलीला सील होतं. दोघांना घरी बसवलं. रजा की निलंबन, कुणी सांगेना. चौथ्या दिवशी कामावर परत बोलावलं आणि दोघांच्या हातात एकेक पत्र पडलं. पाळीनंतर विनापरवाना थांबल्याबद्दल आत्याला तंबी. कागद न पाळल्याबद्दल पैलवानाला तंबी. आणि टेबलावर पत्रा बसवायचा नवा नकाशा होता. त्यात आठाच्या जागी बारा स्क्रू होते.

"बाई, आपल्याला शाबासकी मिळाली की शिक्षा?" पैलवानाने विचारलं.

"मलाही तेच विचारायचं होतं."

तिने सुरक्षा विभागाच्या त्या अधिकाऱ्याला विचारलं, "आधीचे पत्रे परत मागवले का?"

"कुठले पत्रे?" तो म्हणाला.

पुढे सहा वर्षं तिने बारा स्क्रूंचे पत्रे तपासले. सगळे सपाट. विमान पडल्याची बातमी आली की ती पेपर दोनदा वाचायची. कुठलं विमान होतं ते त्यात कधीच नसायचं. निरोपाच्या दिवशी तिने साहेबांना एका बाजूला घेऊन, ते जुने पत्रे परत आणले का, हे पुन्हा विचारलं. साहेबांनी आधी दाराकडे बघितलं, मग तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, निवांत राहा."

"आता यातून काय समजायचं, सांग," आत्या मला म्हणाली. "परत आणले असं, की विचारू नका असं?"