ठमीबाईने माझं दूध सोडवलं

धसईच्या बाजारात मी भर सभेतून पळालो, ती साठ-एकसष्ट सालची गोष्ट. "बंधूंनो, भरल्या पोटाच्या माणसाला..." एवढं म्हणालो आणि माझ्याच पोटात अशी कळ आली की वाक्य तिथेच टाकून ओढ्याकडे धावलो. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, फुडचं तिकडूनच सांगा!"

आज हसू येतं. तेव्हा रडू यायचं... कारण ही माझी मोडलेली तिसरी सभा होती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीला शाळा हवी होती आणि गावातले काहीजण विचारत होते, "यांना शाळा कशाला? गुरं कोण राखंल?" पंधरा दिवसांनी तालुक्याचे साहेब येणार होते. गावोगाव सभा घेणारा कार्यकर्ता म्हणून वाडीची बाजू मी मांडायची होती.

कल्याणच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं होतं. "गाठ नाही, व्रण नाही. आतडं हळवं आहे, दूधभात खा." मी तो सल्ला धर्माज्ञेसारखा पाळला. त्यात आमच्या भागात वक्त्याचा मान म्हणजे सभेआधी पेलाभर तापलेलं दूध! मी प्यायचो आणि कळा आल्या की दोष वाडीतल्या नाचणीला द्यायचो.

एवढंच नाही. वाडीत उभा राहून मी गर्जलो होतो, "गाई आहेत तर दूध काढा, प्या!" मी वाडीत जिच्याकडे उतरायचो ती ठमीबाई शांतपणे म्हणाली होती, "ते वासराचं हाय." मी त्याला अडाणीपणा म्हणालो. तेही वरच्या पट्टीत...

सभेतून पळाल्यावर तिच्याच ओसरीवर येऊन आडवा झालो. खाणं तिच्या घरचंच: नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, गुळाचा कोरा चहा. तिसऱ्या दिवशी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, आता गावात पाटलांकडे जातो, जरा दूध पिऊन ताकद आणतो.

ठमीबाई पाट्यावर मिरची वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाऊ, एक बोलू? रागवायचं नाय."

"बोला."

"आमच्यात ऱ्हाता तवा चालता. पाटलाकडं जाऊन आलात का वाकता. दर खेपेला. आन् नाव आमच्या नाचणीचं घेता!"

मी पुस्तकं रिचवलेला माणूस. समोरच्याला दुसरं वाक्य बोलू न देणारा. त्या दिवशी बोटांवर मागच्या खेपा मोजल्या; हिशोब तिचाच बरोबर निघाला...

"सभेपावतर दूध सोडा," ती म्हणाली. "ताक पन. आन् ताकदीचं म्हनाल, तर मी डोंगरावरून मोळी आनते. कुनाचं दूध पिते मी?"

सोडलं. पहिले तीन दिवस दुधाच्या चहावाचून डोकं जड झालं. पाचव्या दिवशी ध्यानात आलं की पोट गुरगुरत नाही. आठवड्यानं तर पोट आहे हेच विसरलो... ज्याचं कधी दुखलं आहे त्यालाच हे सुख कळेल.

सभेच्या दिवशी पाटलांच्या ओट्यावर बसलो होतो. वेलची घातलेलं दूध आलं, पितळी पेला काठोकाठ. पाटील मोठ्या मनाचा माणूस, शाळेला जागा देणार होता. "घ्या भाऊ, घसा खुलतो." नाही म्हणावं तर घरचा अपमान आणि जागाही जायची. माझा हात पुढे गेला...

खाली अंगणात वाडीची माणसं उभी होती. त्या अंगणात त्यांच्यापैकी कुणी कधी आवाज चढवला नव्हता. ठमीबाईने चढवला.

"पाटील, भाषान पायजे का दूध? दोनी नाय व्हायचं!"

मग पाटील असे हसले की पेला हिंदकळला. "भाषानच होऊ दे गो बाई! नायतर भाऊ पुन्ना ओढ्यावर!" पेला आत गेला, कोरा चहा आला.

मी तासभर बोललो, एकदाही न वाकता. साहेबांना म्हणालो, "डॉक्टरांना पोट दाबून आणि मला पुस्तकं वाचून जे दिसलं नाही, ते या बाईने नुसतं बघून ओळखलं. या वाडीतली मुलं शाळेच्या लायकीची आहेत का, हा प्रश्न पुन्हा विचारू नका. त्यांच्या लायकीची शाळा तुम्ही देऊ शकता का, एवढंच सांगा!" पाऊस सरल्यावर कुडाच्या खोलीत शाळा भरली.

दूध पुन्हा घेतलं नाही. आता या दुखण्याला डॉक्टरांकडे नाव आहे, काय सोसत नाही ते शोधायची रीतही आहे. सगळ्यांनी दूध सोडा असं मात्र मी सांगणार नाही... सगळ्यांना एकच उपदेश करून एकदा तोंडावर पडलोय.

पुढे त्या शाळेला नाव सुचवायला मला बोलावलं, तेव्हा मी एका थोर पुरुषाचं सुचवलं. ठमीबाईचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ती चूक आता दुरुस्त होणार नाही, म्हणून निदान इथे, चारचौघांत, तिचं नाव घेतो आणि हात जोडतो.