बेसमेंटमधली दीक्षा

स्वतःच्याच घराच्या बेसमेंटमध्ये शिरताना दार ठोठावून परवानगी मागणारा माणूस अख्ख्या कॅनडात एकच असावा, आणि तो विंडसरमध्ये आमच्या शेजारी राहत होता. काका मूळचे नगरचे ख्रिस्ती, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी काकींबरोबर चर्चला जात ते चारचौघांसारखे. पण संध्याकाळ झाली की ते एका गूढवादी ख्रिस्ती पंथाचे दीक्षित साधक होत. अंगात निळा झगा, कमरेला दोरी अशा थाटात ते देवाची परवानगी मागून आत शिरत आणि घर तापवणारा फर्नेस आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या जागेत मेणबत्त्या लावून बसत. ध्यान ऐन रंगात आलं की ड्रायर भोंगा वाजवायचा. "अगं, निदान टॉवेल तरी नंतर टाक!" काका खालून ओरडत. "देवाला टॉवेल चालतात," काकी वरून सांगत. झगा मात्र त्यांनीच चादरीचा शिवला होता, आणि इस्त्रीही त्याच करत. एकदा काका त्याच वेषात ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं उपसायला गेले, तेव्हा समोरच्या बाईंनी पोलिसांना फोन केला. "डोक्यानं देव शोधला की डोकं दुखतं. छातीत शोधावा," हे काकांनी आलेल्या पोलिसालाही चहा पाजून समजावलं.

पुढे त्याच छातीनं दगा दिला. ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि काकांना वेगळीच काळजी लागली. ही दीक्षा एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवूनच द्यायची असते. गावातले बाकीचे साधक एकेक करून गेले होते. काकांमागे ती कोणाकडे राहणार? कॅल्गरीचा मुलगा म्हणाला, "बाबा, जस्ट ईमेल इट टू मी." माझं नाव निघालंच नाही; मला दोन मिनिटं गप्प बसवत नाही, हे काका जाणून होते. शेवटी काकीच म्हणाल्या, "द्या मला. पण लवकर आटपा, खाली गारठा असतो."

मला दाराबाहेर पायरीवर पहाऱ्याला बसवलं. दीक्षेत 'तुला काय पाहिजे?' असं विचारतात आणि त्यावर 'प्रकाश' म्हणायचं असतं. हे गुप्त उत्तर काकी आठवडाभर पोळ्या लाटताना मोठ्यानं घोकत होत्या, त्यामुळे ते मलाही पाठ झालं होतं.

आतून काकांचा आवाज आला, "तुला काय पाहिजे?"

"तुम्ही," काकी म्हणाल्या. "अजून पुष्कळ दिवस."

काकांनी नाक ओढलं आणि ते म्हणाले, "चालेल. डोकं पुढे कर."

ते त्याच हिवाळ्यात गेले. काकी अजून संध्याकाळी खाली एकट्या बसतात, आणि मला काकांची फार आठवण येते.